टाकीत डिझेल, तरी इंजिन बंद! ट्रॅक्टर व डिझेल पंपाच्या इंधन पुरवठ्यातील बिघाड कसा ओळखावा?

किन्हीराजा (ता. मालेगाव, जि. वाशिम) : पावसाने उघडीप दिली, वावरात वापसा आला, बियाणे-खत बांधावर पोहोचले आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर दोन गचके खाऊन बंद पडला, हा अनुभव परिसरातील शेतकऱ्यांना नवा नाही. टाकीत डिझेल असते. सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण चालू होत नाही. मग सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, कुणीतरी 'पंप गेला' म्हणून सांगतो, आणि पंप खोलून मालेगाव किंवा वाशिमला नेण्याची तयारी सुरू होते. वापसा मात्र कुणासाठी थांबत नाही.

प्रत्यक्षात अशा वेळी दोष बहुधा पंपात नसतो. तो असतो टाकीच्या झाकणात, चोंदलेल्या फिल्टरमध्ये, सैल झालेल्या क्लिपमध्ये किंवा झिजलेल्या तांब्याच्या वॉशरमध्ये. म्हणून जाणकार मिस्त्री एकच नियम पाळतात : टाकीपासून सुरुवात करायची, डिझेल ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्याने एकेक टप्पा पाहत पुढे जायचे आणि पंपाला सगळ्यात शेवटी हात लावायचा. हाच क्रम पुढे दिला आहे. ट्रॅक्टर असो, हरभऱ्याला पाणी देणारे डिझेल इंजिन असो, थ्रेशरचे इंजिन असो की कोकणातल्या मच्छीमार होडीचे, जुन्या पद्धतीच्या सर्व डिझेल इंजिनांना हा क्रम लागू पडतो.

डिझेलचा रस्ता

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा ठिणगी देणारा प्लग नसतो. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये यशस्वीपणे चालवून दाखवलेल्या इंजिनाचे तत्त्व आजही तेच आहे. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. हा फवारा योग्य वेळी, योग्य दाबाने आणि योग्य मापात मिळाला नाही, तर इंजिन चालत नाही.

फवाऱ्यापर्यंतचा रस्ता असा : टाकी, टाकीखालचा कॉक, पाईप, गाळ बसणारी काचेची वाटी, फीड पंप, पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, मुख्य पंप, लोखंडी बारीक पाईप आणि नॉझल. उरलेले डिझेल परतीच्या पाईपने मागे येते. लहान पंपसेटवर टाकी उंचावर असल्याने अनेकदा फीड पंप नसतो, डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येते.

या रस्त्याचे दोन भाग पडतात. टाकीपासून मुख्य पंपाच्या तोंडापर्यंतचा भाग कमी दाबाचा. तो शेतकरी स्वतः तपासू शकतो आणि त्याचे सुटे भागही स्वस्त असतात. मुख्य पंप ते नॉझल हा जास्त दाबाचा भाग. त्याचे काम कारागिराचे. जुन्या ट्रॅक्टरच्या पंपावर दिसणारे 'मायको' हे नाव १९५१ मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे. २००८ पासून ती 'बॉश' नावाने ओळखली जाते. या पंपातील प्लंजर आणि त्याची नळी यांच्यातील अंतर केसापेक्षाही कितीतरी कमी असते. त्यामुळे तो बांधावर, धुळीत उघडणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे.

आधी धूर पाहा

काहीही खोलण्याआधी एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरकडे पाहावे.

– इंजिन फिरते, पण धूर अजिबात नाही : सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. पुढचा सगळा क्रम याच बिघाडासाठी आहे.
– पांढरा धूर येतो, पण इंजिन पकडत नाही : डिझेल पोहोचते, पण जळत नाही. इंजिन फार थंड असणे, डिझेलमध्ये पाणी असणे, कॉम्प्रेशन कमी असणे किंवा टायमिंग चुकणे ही कारणे असू शकतात.
– लोडवर काळा धूर : डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर क्लीनर पाहावा. पेरणी व मळणीच्या धुळीत तो लवकर चोंदतो. तो साफ असेल तर नॉझलवर संशय घ्यावा.
– निळसर धूर : इंजिन ऑईल जळत आहे. इंधन पुरवठ्याशी याचा संबंध नाही.

पायरी १ : टाकी, झाकण, कॉक आणि बंद करायचा खटका

सर्वात आधी इंजिन बंद करण्याचा दांडा किंवा दोरी पूर्ण आत गेली आहे का ते पाहावे. दोरी गंजून अर्धवट अडकली की पंप डिझेल देत नाही आणि माणूस तासभर भलतीकडेच शोधत राहतो. चावीने बंद होणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये चावी फिरवताच पंपाजवळ 'टक्' असा आवाज यायला हवा. तो आला नाही तर फ्यूज व वायर तपासावी.

नंतर कॉक उघडा आहे का ते पाहावे. टाकीत डिझेल किती आहे ते काट्यावरून न ठरवता स्वच्छ काडी बुडवून पाहावे. डिझेल कमी असताना ट्रॅक्टर उतारावर किंवा धुऱ्यावर कलला की डिझेल एका बाजूला जाते आणि पाईप हवा ओढतो.

टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. डिझेल जसे कमी होते तशी त्या छिद्रातून हवा आत येते. माती, ग्रीस किंवा कुणी लावलेल्या प्लास्टिकने ते बुजले की टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल पुढे जात नाही. अशा वेळी ट्रॅक्टर अर्धा-पाऊण तास बरा चालतो, मग बंद पडतो आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा चालू होतो. ओळखायची खूण सोपी आहे. बंद पडताच झाकण सैल करावे. 'सुस्स' आवाज आला आणि नंतर इंजिन नीट चालले, तर दोष सापडला. छिद्र साफ करावे. झाकण हरवले म्हणून फडके कोंबणे हा उपाय नाही. त्याचे धागे टाकीत पडतात आणि पुढे कॉक चोंदवतात.

पायरी २ : पाईप आणि काचेची वाटी

कॉक बंद करून काचेची वाटी काढावी. तळाशी पाण्याचे थेंब, गंज किंवा काळा गाळ दिसला तर वाटी व जाळी स्वच्छ डिझेलनेच धुवावी. वाटी परत बसवताना वरचे रबरी पॅकिंग चिरलेले किंवा कडक झालेले नाही ना ते पाहावे. तेच पॅकिंग वर्षानुवर्षे वापरले तर तिथूनच हवा शिरते.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फीड पंपाच्या अलीकडचा पाईप ओढीवर चालतो. त्यात भेग असेल तर डिझेल बाहेर न गळता हवा आत जाते. त्यामुळे 'कुठेच गळत नाही, म्हणजे पाईप चांगला' हे म्हणणे बरोबर नाही. रबरी पाईप बोटाने वाकवून बारीक चिरा पाहाव्यात. क्लिप घट्ट कराव्यात. तारेने आवळलेला पाईप शंकास्पदच समजावा. उंदराने कुरतडलेला पाईप गोठ्यात उभ्या ट्रॅक्टरमध्ये हमखास सापडतो.

कॉक उघडून वाटीकडचा पाईप सोडल्यावर डिझेलची सलग धार यायला हवी. धार बारीक असेल किंवा थांबत असेल तर अडथळा टाकीत किंवा कॉकमध्ये आहे. धार चांगली असेल तर पुढे जावे.

पायरी ३ : फिल्टर

लोडवर ट्रॅक्टर दम सोडतो, नांगर वर उचलला की पुन्हा बरा चालतो, याला बोलीत 'डिझेल उचलत नाही' म्हणतात. यामागे बहुतेक वेळा चोंदलेला फिल्टर असतो. रिकाम्या इंजिनाला लागेल तेवढे डिझेल त्यातून जाते, लोडला लागेल तेवढे जात नाही.

कागदी फिल्टर धुऊन किंवा हवा मारून पुन्हा वापरू नये. कागद फाटला की कचरा थेट पंपात जातो आणि फिल्टरचे पैसे वाचवण्याच्या नादात पंपाचा खर्च अंगावर येतो. किती तासांनी फिल्टर बदलायचा ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. धुळीचे काम जास्त असेल तर त्याआधीच बदलावा. जोड फिल्टरमध्ये पहिला जास्त लवकर भरतो. नवीन फिल्टरसोबत आलेले रबरी पॅकिंग वापरावे, जुने पुन्हा लावू नये. मुख्य पंपाच्या लगतच्या फिल्टरमध्ये डबकीतले न गाळलेले डिझेल ओतून तो बसवू नये.

पायरी ४ : फीड पंप

फीड पंपाला हाताने दाबायचा खटका असतो. फिल्टरकडे जाणारा पाईप सोडून खटका मारला की डिझेल जोरात पिचकारीसारखे यायला हवे. खटका एकदम सैल लागला तर लगेच पंप खराब ठरवू नये. आतला कॅम उचललेल्या स्थितीत असू शकतो. इंजिन थोडे फिरवून पुन्हा पाहावे.

डायफ्रॅमच्या फीड पंपाचा पडदा फाटला की डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरू शकते. गेज काढून पाहावे. ऑईलची पातळी आपोआप वाढली असेल, ऑईल पातळ झाले असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर इंजिन अजिबात चालवू नये. पातळ ऑईलवर चाललेले इंजिन बेअरिंग खाते.

एअर कशी काढावी?

टाकी पूर्ण रिकामी झाली, फिल्टर बदलला किंवा कुठूनही हवा शिरली की 'इंजिनने एअर घेतली' असे म्हणतात. डिझेल दाबले जात नाही, म्हणून पंपाचा धक्का थेट नॉझलपर्यंत पोहोचतो. हवा मात्र दाबली जाते. पाईपात हवेचा बुडबुडा असेल तर पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नॉझल उघडत नाही. हवा काढण्याचा क्रम असा :

१. टाकीत पुरेसे डिझेल भरावे, कॉक उघडावा. फिल्टर व पंपाची बाहेरची बाजू फडक्याने पुसून घ्यावी.
२. पहिल्या फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू एक-दोन आटे सैल करावा. फीड पंपाचा खटका मारत राहावा. आधी फेस, मग बुडबुडे आणि शेवटी स्वच्छ सलग डिझेल येते. डिझेल येत असतानाच स्क्रू आवळावा.
३. दुसऱ्या फिल्टरवर तेच करावे.
४. मुख्य पंपावरच्या एअर स्क्रूवर तेच करावे. बहुतेक वेळा इथेच काम होते.
५. तरीही इंजिन घेत नसेल, तर जुन्या पद्धतीच्या इंजिनावर नॉझलच्या टोकाचे नट अर्धा आटा सैल करून, ॲक्सिलरेटर पूर्ण देऊन सेल्फ मारावा. नटाजवळून डिझेल येऊ लागले की नट आवळावेत.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये एखादा मिनिट थांबावे. हँडल मारायच्या इंजिनावर डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल फिरवावे. नॉझलमधून 'कर्र कर्र' असा आवाज आला की हवा निघाली, असे समजावे.

स्क्रू व जोडांखालचे तांब्याचे वॉशर चेपलेले असतील तर बदलावेत. एअर काढल्यावर इंजिन चालले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घेत नसेल, तर हवा कुठून तरी शिरतेच आहे. रोज एअर काढत बसण्यापेक्षा पायरी २ पुन्हा करावी.

शंका टाकीच्या बाजूची आहे की पंपाची, हे ठरत नसेल तर एक जुनी युक्ती कामी येते. स्वच्छ डबकीत गाळलेले डिझेल घेऊन ती इंजिनापेक्षा उंच व सायलेन्सरपासून दूर पक्की बांधावी आणि नवीन पाईपने फिल्टरला जोडावी. हवा काढून इंजिन चालवावे. इंजिन नीट चालले तर दोष टाकी, कॉक, पाईप किंवा फीड पंपात आहे. तसेच अडखळत राहिले तर दोष फिल्टरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. ही युक्ती फक्त तपासणीपुरती, त्यावर दिवसभर काम करू नये.

पायरी ५ : नॉझल, मग पंप

इंजिन चालते, पण एक सिलिंडर 'मिस' मारतो, अशा वेळी मिस्त्री कमी वेगावर एकेका नॉझलचा नट किंचित सैल करून आवाज ऐकतात. आवाज बदलला तर तो सिलिंडर कामाचा, काहीच फरक पडला नाही तर दोष त्याच सिलिंडरचा. ही तपासणी अनुभवी माणसानेच करावी. नॉझलचा दाब व फवारा यंत्रावर तपासला जातो.

हे सगळे पाहून झाले, पंपाच्या तोंडापर्यंत स्वच्छ डिझेल सलग येते, तरी पुढे येत नाही, असे दिसले तरच पंप काढायचा. तोही सील न तोडता, तोंडे स्वच्छ प्लास्टिकने बांधून, मशीनवर कॅलिब्रेशन करणाऱ्या कारागिराकडे न्यावा.

डिझेलमधले पाणी

बऱ्याच बिघाडांचे मूळ इंजिनात नसून डबकीत असते. उघड्या ड्रमवर पडलेला पाऊस, धुतल्यावर नीट न वाळवलेली कॅन आणि अर्धी रिकामी टाकी या तीन वाटांनी पाणी येते. रात्री टाकी थंड झाली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर थेंब धरते आणि ते थेंब तळाशी जातात. म्हणून काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी.

डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाणी खाली बसते. पांढऱ्या काचेच्या बाटलीत डिझेल भरून अर्धा-एक तास ठेवले की तळाची पाण्याची रेघ स्पष्ट दिसते. ड्रममधले डिझेल काढताना पाईप तळापर्यंत घालू नये. खालचा थर तसाच सोडावा. ड्रम हलवल्यावर गाळ बसू द्यावा. ओतताना नरसाळ्यावर बारीक जाळी वापरावी. पाणी बरेच दिवस राहिले तर डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर जंतू वाढून काळसर चिकट गाळ तयार होतो आणि नवीन फिल्टरही काही दिवसांत चोंदतो. तेव्हा फिल्टर बदलत बसण्यापेक्षा टाकी उतरवून धुणे हाच उपाय.

स्वस्तात मिळणारे बिलाशिवायचे इंधन घेऊ नये. पंपातील प्लंजरला वंगण डिझेलचेच मिळते. रॉकेल मिसळले की ते वंगण कमी होते आणि पंप झिजतो. पेट्रोल पंपावर डिझेलची घनता तपासून मागण्याचा आणि पाच लिटरच्या मापाने माप तपासण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

हे मात्र करू नये

१ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरपेक्षा मोठ्या नवीन ट्रॅक्टरना 'ट्रेम ४' हे प्रदूषण मानक लागू झाले. यातील अनेक ट्रॅक्टरमध्ये संगणकावर चालणारी कॉमन रेल व्यवस्था असते आणि तिच्यात दाब हजार बारच्या वर जातो. अशा ट्रॅक्टरचा नॉझलकडचा कोणताही नट सैल करू नये. टाकी, पाण्याचा निचरा आणि फिल्टर एवढेच पाहून बाकी काम कंपनीच्या मेकॅनिककडे द्यावे.

जुन्या इंजिनाचा फवाराही कातडी भेदून आत जाऊ शकतो. गळती बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. डिझेल कातडीखाली गेले तर जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही. तरीही वेळ न घालवता रुग्णालयात जावे आणि 'दाबाने डिझेल आत गेले' असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. उशीर झाला तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते.

काम करताना ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभा करावा. बिडी-सिगारेट दूर ठेवावी. सोयाबीनच्या सुडीजवळ किंवा कुटाराजवळ डिझेल सांडू नये. सांडलेले डिझेल विहिरीकडे जाऊ देऊ नये. बंद गोठ्यात इंजिन चालवून पाहू नये, धुराने गुदमरण्याचा धोका असतो.

वर्षातून तीन वेळा एक तास

पेरणीआधी मे महिन्यात, सोयाबीनच्या सोंगणी-मळणीआधी सप्टेंबरमध्ये आणि हरभऱ्याच्या ओलिताआधी नोव्हेंबरमध्ये एक-एक तास काढला तर ऐन कामात होणारा खोळंबा बराच टळतो. वाटी धुवावी, टाकीतले पाणी काढावे, झाकणाचे छिद्र पाहावे, पाईप व क्लिपा तपासाव्यात, फिल्टरची तारीख पाहावी. टूलबॉक्समध्ये एक नवीन फिल्टर, चार-सहा तांब्याचे वॉशर, दोन क्लिपा, हातभर डिझेल पाईप, वाटीचे पॅकिंग, योग्य मापाचे पाने आणि धागे न सुटणारे स्वच्छ फडके ठेवावे. फिल्टर बदलला की त्याच्यावरच पेनने तारीख आणि मीटरचे तास लिहावेत. पुढच्या वेळी बिघाड शोधणाऱ्याला, मग तो घरचा पोरगा असो की मिस्त्री, सुरुवात कुठून करायची हे त्यावरून कळते.